आयपीएक्स: इंटरफेस चालू, तरी सर्व्हर दिसेना

आयपीएक्स म्हणजे नॉव्हेलच्या नेटवेअर या सर्व्हर-प्रणालीचा जुना नेटवर्क प्रोटोकॉल. सिस्कोच्या जुन्या राउटरवर ‘आयपीएक्स राउटिंग’ चालू केलं, इंटरफेसला ‘आयपीएक्स नेटवर्क’ क्रमांक दिला. तरी ‘शो आयपीएक्स सर्व्हर्स’ची यादी रिकामीच. कारण निघालं फ्रेम टाइप, म्हणजे केबलवर डेटा ज्या साच्यात बांधून पाठवतात तो प्रकार. इथरनेटवर राउटर मुळात ‘नॉव्हेल-ईथर’, म्हणजे कच्ची ८०२.३ फ्रेम धरतो; नेटवेअर ३.१२पासून पुढचे सर्व्हर मात्र मुळात ८०२.२ वापरतात. एकाच केबलवर असूनही दोघं एकमेकांचं काहीच वाचत नाहीत. ‘आयपीएक्स नेटवर्क’ कमांडच्या शेवटी ‘एन्कॅप्सुलेशन सॅप’ जोडलं की जमतं.

सर्व्हरच्या कन्सोलवर ‘कॉन्फिग’ टाइप करून फ्रेम आणि क्रमांक आधीच बघा. क्रमांक हेक्समध्ये (०-९ आणि A-F), जास्तीत जास्त ८ अंकी, आणि त्या केबलला सर्व्हरने दिलेला तोच हवा. सर्व्हरचा अंतर्गत क्रमांक इथे चालत नाही. कच्ची ८०२.३ वापरणारा नेटवेअर ३.११चा सर्व्हरही तिथेच असेल, तर दुसऱ्या फ्रेमसाठी सबइंटरफेस (त्याच पोर्टवरचा आभासी इंटरफेस) आणि वेगळा क्रमांक द्या. मग मिनिटभर थांबा: सेवांची घोषणा दर ६० सेकंदांनी होते.