कामिनी-दुरांटाला फुलं येत नाहीत? आधी कात्री लपवा

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत गेटपासून पार्किंगपर्यंत दुरांटाची हेज आहे, ती पोपटी-पिवळ्या पानांची, सगळीकडे असते तीच. याला फुलं येतात म्हटलं तर निम्मे लोक माझ्याकडे बघतच बसतात. येतात हो! जांभळ्या फुलांचे लोंबते घोस, आणि नंतर त्याच जागी नारिंगी-पिवळ्या मण्यांच्या माळा. पण दिसणार कधी, दर १५ दिवसांनी माळीदादा येऊन भिंतीसारखी सपाट कापतात, आणि दुरांटाला फूल येतं नव्या फुटीच्या शेंड्याला. शेंडाच उडवला की संपलं.

म्हणून पहिलं काम, कापणं थांबवा. अख्खी हेज सोडायला कमिटी तयार होणार नाही (आमची नाहीच झाली), पण कोपऱ्यातली दोन-तीन झाडं मागून घ्या, ती मोकळी वाढू देत. छाटणी वर्षातून एकदा, हलकीच, फुलं-फळं उरकल्यावर. आणि ऊन मोजा, "उजेड येतो" म्हणजे ऊन नव्हे. आपल्याकडे समोरच्या टॉवरची सावली कधी सरकते ते एका रविवारी बसून बघा, थेट ऊन ४-५ तास तरी हवंच. हेजच्या शेजारी लॉन असेल तर आणखी एक भानगड, लॉनला युरिया पडतो तो हेजच्या मुळांनाही मिळतो, मग पानंच पानं.

आता कामिनी, म्हणजे आपली कुंती. हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त रडगाणं हिचंच ऐकू येतं. माझ्या बहिणीकडे नेरूळला खाली जमिनीत लावलेली होती, डोक्याच्या वर गेली, हिरवीगार, तीन वर्षं एक फूल नाही. खत घातलं, अजून खत घातलं, काही नाही. मी गेले तर बघते, एसीच्या पाण्याचा पाईप बरोबर बुंध्याशी सोडलेला! चोवीस तास ओलं.

माझं माहेर अमरावतीकडचं, संत्र्याच्या बागा बघतच मोठी झाले, तिकडे बहार "धरतात", म्हणजे झाडाला हव्या त्या हंगामात फुलायला लावतात. मृग बहार हवा असेल तर उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग पावसाचं पाणी लागलं की झाड फुलून येतं. कामिनी संत्र्या-लिंबाच्याच कुळातली आहे, वासावरून ओळखूच येतं, त्यामुळे हिलाही तेच लागू. सतत पाणी मिळालं की ती वाढतच राहते, फुलायची तिला गरजच वाटत नाही.

तर पाईप हलवला, मे महिन्यात पाणी जवळजवळ बंद, पाऊस लागल्यावर तीनएक आठवड्यांत झाड पांढरं झालं होतं.

कुंडीत हे करताना मात्र बेताने, कुंडी पटकन सुकते. दोन वर्षांवरचं झाड असेल तरच करा, पाणी कमी कमी करत न्या, पानं जराशी मलूल दिसली की थांबा, पानं गळेपर्यंत वाट बघू नका. मग वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी शेणखत, आणि भरपूर पाणी. कळ्या दिसायच्या आधी १५ दिवसांच्या अंतराने दोनदा ००:५२:३४ (पाण्यात विरघळणारं स्फुरद-पालाशचं खत) लिटरला २ ग्रॅम फवारलं तर चांगलं, नाही फवारलं तरी चालतं. जुलैच्या धुवांधार पावसात कुंडीत खत घालू नका, सगळं ड्रेनेजच्या भोकातून खालच्यांच्या बाल्कनीत जातं आणि भांडण वेगळं. कुंडी १४ इंचाची तरी हवी.

फूल आलं म्हणजे फळ येईलच असं नाही. गुलाबाच्या सवयीने लोक सुकलेली फुलं खुडतात, फळ हवंय तर हात लावू नका, तिथेच धरतं ते. दुसरं म्हणजे मिलीबग (ती पांढरी, कापसासारखी कीड) दिसला की भर सकाळी फवारा मारायचा आणि मग मधमाशा का येत नाहीत म्हणायचं! नीमतेल (लिटरला ५ मिली, सोबत थोडा लिक्विड सोप) अंधार पडताना मारा, आणि झाड पूर्ण फुलात असेल तर ते दिवस जाऊ द्या. कामिनीची फुलं दोन-तीन दिवसांत झडून खाली पांढरा सडा पडतो, घाबरू नका, मागे हिरवे बारीक दाणे राहतात, ते सावकाश लालभडक होतात.

यातलं काहीच जमणार नसेल तर हमेलिया लावा. नारिंगी नळीसारखी फुलं, ऊन मिळालं की जवळपास वर्षभर, फुलांवर शिंजीर आणि काळ्या झालेल्या फळांवर बुलबुल. लाड लागतच नाहीत.

दुरांटाची फळं दिसायला गोड असली तरी विषारी आहेत, घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर खालच्या फांद्यांचे घोस काढून टाका. पक्षी खातात, त्यांना काही होत नाही, म्हणून मुलांना सोडू नका. आणि कामिनीची रोपं करायची असतील तर लाल झालेली चार फळं बुलबुलांच्या आधी काढा, गर धुऊन बी लगेच पेरा, वाळवून ठेवलेलं बी माझ्याकडे एकदाही उगवलेलं नाही.