कॅम्परच्या छताचं पोट सुटलंय? ग्लूच्या डब्याला हात लावण्याआधी या चुका टाळा

जूनचे पहिले दोन मोठे पाऊस झाले की कॅम्परच्या, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय केलेल्या गाडीच्या, लोंबलेल्या छतांची रांग लागते. गाडी वेगळी, मालक वेगळा, पण प्रश्न तोच: "कुठला ग्लू वापरू?" छत का सुटलं, हे कोणी विचारत नाही. शनिवारी काशिदला जायचंय आणि तोवर ते चिकटायला हवं, एवढीच घाई.

आधी छतात काय काय असतं ते बघू. वागळे इस्टेटमध्ये किंवा कळंबोलीला बॉडीवाल्याकडून बनवून घेतलेल्या कॅम्परमध्ये वर पत्रा, त्याखाली लोखंडी रिब (छताला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या), रिबांच्या मध्ये थर्मोकोल किंवा रबरी इन्सुलेशन, मग ३ ते ४ मिमीचा प्लाय आणि सर्वांत खाली फोम लावलेलं कापड किंवा रेक्झिन. मागे ओढून न्यायच्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा रिब लाकडी असतात आणि प्लाय स्टेपलने मारलेला असतो. बाकी मामला तोच. म्हणजे "छत लोंबलं" या दोन शब्दांत तीन वेगळे आजार लपलेले असतात, आणि ते ओळखायला तळहात पुरतो. दाबल्यावर कापड मऊ घडीसारखं आत जाऊन पुन्हा खाली येत असेल, तर फोम मेलाय. अख्खा भाग कडक राहून ढब ढब वाजत वर-खाली होत असेल, तर प्लाय रिबेपासून सुटलाय. बोट रुततंय, तपकिरी कडं उमटलंय, कुबट वास येतोय, तर पाणी आहे.

पाणी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

गळती शोधायच्या आधी चिकटवणं

या एका चुकीवर सर्वांत जास्त पैसे वाया जातात. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतल्या कॅम्परचं उदाहरण घ्या. मागच्या बंकवर (झोपायच्या जागेवर) छत फुगलं. कुशनवाल्याने कापड ओढून पुन्हा चिकटवून दिलं. पंधरा दिवसांत तिथेच पुन्हा पोट आलं. मग मागच्या दाराच्या वरच्या सांध्यावर सिलिकॉन फासलं. तिसऱ्या वेळी मागची ताडपत्री बदलली. पाणी मात्र येत होतं पुढून, सोलर पॅनलच्या ब्रॅकेटच्या चार स्क्रूंमधून. गाडी पार्किंगच्या उतारावर नाक वर करून उभी असायची, त्यामुळे पाणी रिबेच्या कडेने सरळ मागे यायचं आणि प्लायला जिथे सांधा मिळेल तिथे उतरायचं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. पुढे एकदा गाडी सपाटीवर उभी राहिली तेव्हा डाग मधल्या दिव्यापाशी आला, आणि तिथून खरा तपास सुरू झाला. तोवर चार फुटांचा प्लाय पापडासारखा सुटून गेला होता.

म्हणून डाग जिथे आहे तिथे छिद्र शोधू नका. त्या जागेचं लायनिंग (आतलं कापड-प्लायचं अस्तर) उतरवा, एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून साध्या नळीने पाणी सोडा. सुरुवात खालून करायची: आधी खिडकीच्या कडा, मग पत्र्याचे सांधे, मग छतावरचा व्हेंट (हवेचा झरोका), कॅरिअर, सोलर, अँटेना. प्रत्येक जागी किमान दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली वाहतं आणि काहीच कळत नाही. "एवढा पाऊस पडतोय, वेगळं पाणी कशाला?" असं म्हणणारे भेटतात. पाऊस एकाच वेळी सगळ्या सांध्यांवर पडतो, म्हणून तो चोर दाखवत नाही. आणि वॉशिंग सेंटरचं प्रेशर तर मुळीच नको, कारण त्या जोराने चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घुसतं.

छिद्र सापडलं की पुढची हौस म्हणजे जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन. वाळलेल्या सिलिकॉनला काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. वरून छान दिसतं, खालून पाणी जातंच. ब्रॅकेट खोला, जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ब्रॅकेटखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला आणि स्क्रू आवळा. ब्युटाइल हळूहळू पसरतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी जीव खाऊन पिळू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव-अर्धा फेरा द्या, बाहेर आलेला टेप कापा आणि स्क्रूच्या डोक्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. नंतर नळीची परीक्षा पुन्हा एकदा. ही दुसरी परीक्षा दहातले नऊ जण गाळतात.

जुलैमध्ये ग्लू लावणं

कापडासाठी लागतो तो सिंथेटिक रबरचा कॉन्टॅक्ट ग्लू. दुकानात नुसतं "एसआर" म्हटलं तरी समजतं. पांढरा फेविकॉल इथे चालत नाही. तो लाकडाच्या सांध्याचा राजा, पण त्याला वाळायला दाब आणि वेळ लागतो, उन्हात तापलेल्या छताखाली तो मऊ पडतो आणि ओलीपुढे हार मानतो. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापतो, म्हणून डब्यावर ७० अंशांच्या वरचं तापमान लिहिलेलं असेल तोच घ्या. स्प्रेचे स्वस्त डबे बहुतेक याच परीक्षेत नापास होतात.

कॉन्टॅक्ट ग्लू दोन्ही बाजूंना लावायचा, उघडा ठेवायचा आणि हाताला कोरडा लागला की मगच चिकटवायचा. नोव्हेंबरात याला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात. ठाण्याच्या जुलैत गणित बिघडतं. ग्लूमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. ग्लूवर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. त्या सायीवर कापड दाबलं तर त्या दिवशी चिकटल्यासारखं वाटतं आणि पहिल्या उन्हात सुटतं. मग दोष डब्याला.

प्लायचंही तेच. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड स्वतःच १६ ते १८ टक्के पाणी धरून बसतं. चिकटवण्यासाठी ते १२-१३च्या आसपास हवं. पिनवाला मॉइश्चर मीटर महाग नाही, घेऊन ठेवा. हाताला कोरडा लागणारा प्लाय कोरडा असेलच असं नाही. पावसाळ्यात पंखा कितीही लावला तरी हवाच ओली, ती सुकवणार काय?

त्यामुळे जून ते सप्टेंबर फक्त गळती बंद करायची, ओलं लायनिंग उतरवायचं आणि उरलेलं छत ॲल्युमिनियमच्या पट्टीने स्क्रू मारून धरून ठेवायचं. दिसायला वाईट दिसतं, दिसू दे. कापडाचं काम ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीच्या आधी. हेअर ड्रायरने ग्लू लवकर सुकवणाऱ्यांना एकच विनंती: त्या डब्यातली वाफ पेट घेते. दारं उघडी ठेवा, गॅसचा सिलिंडर गाडीबाहेर काढा, आणि विडी-सिगारेट चार हात लांब.

मेलेल्या फोमवर नवा ग्लू

कापड सुटतं तेव्हा पुष्कळदा ग्लू शाबूत असतो. मधला फोम उष्णता आणि दमटपणाने कुजून भुगा झालेला असतो. त्या भुग्यावर कितीही ग्लू मारा, तो भुग्यालाच चिकटतो आणि भुगा खाली येतो. सिरिंजने ग्लू टोचायचे व्हिडिओ बघून येणाऱ्यांचं कापड पुढे ग्लूच्या डागांसकट फेकावं लागतं. जुनं कापड सोलून काढा (फेकू नका, नव्या कापडाचा नमुना तोच), नायलॉनच्या ब्रशने फोम घासून काढा, व्हॅक्यूम करा. तारेचा ब्रश प्लायचे धागे उपटतो. मास्क आणि चष्मा हवाच, कारण तो भुगा डोळ्यातच पडतो.

नवं कापड ३ मिमी फोमचं घ्या, चारही बाजूंना तीन-चार इंच जास्त. साधं पडद्याचं कापड लावलं तर ग्लू आरपार येऊन डाग पडतात. ग्लूचा हिशेब करताना दोन बाजू मोजा: ५ चौरस मीटर छत म्हणजे १० चौरस मीटर लावणं. कापड अर्धं दुमडून मधूनच सुरुवात करायची आणि हाताच्या कडेने बाहेरच्या बाजूला सारत जायचं. जिथे छत वळतं तिथे कापड ताणू नका, वळणात आत बसवा. ताणलेलं कापड वळणावर पुलासारखं उभं राहतं आणि तिथूनच सुटायला लागतं.

आता बाकीच्या चुका, ज्यांवर फार बोलायची गरज नाही.

एसआर ग्लू थर्मोकोल खातो. प्लायच्या फटीतून आत ओघळला तर वर पोकळी होते, तेव्हा फटी आधी टेपने बंद करा.

पोट आलेल्या जागी फोम गन (फुगणारा स्प्रे फोम) मारणं म्हणजे पोट आणखी वाढवणं. तो फोम फुगतो, आणि पत्र्यापेक्षा प्लाय ढकलणं त्याला सोपं जातं.

सुटलेला प्लाय रिबेलाच धरायला हवा. लोखंडी रिब लोहचुंबकाने सापडते, लाकडी ठोकून. मोठ्या डोक्याचा १६ मिमीचा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पुरतो, कडेला दर सहा इंचांवर, मध्ये नऊ. २५ मिमीचा स्क्रू उथळ रिबेतून थेट छताचा पत्रा फोडतो आणि तुम्ही स्वतःच नवी गळती बनवता. त्याआधी दिव्याच्या वायरी कुठून जातात ते बघा.

बदलायचा प्लाय साधा कमर्शियल नको. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) लिहिलेला मरीन घ्या.

टाचण्या आणि ट्विस्ट पिना (फिरवून कापडात बसवायच्या पिना) प्रवास संपेपर्यंत ठीक आहेत. दिवाळी आली तरी त्याच असतील तर ती दुरुस्ती नव्हे.

लाकडी रिबेला प्लाय गोंदाने बसवला असेल तर टेकू हवाच: वर दोन फुटांची फळी, खाली छताच्या उंचीपेक्षा अर्धा इंच जास्त लांब दांडा, फळीवर जुनी चादर. चोवीस तास तो हलवायचा नाही. संध्याकाळी "बघू तरी बसलंय का" म्हणून टेकू काढणारे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतात, कुठला ग्लू वापरू.