अर्भकावस्थेतील कॉक्लियातले एटीपी संकेत नोंदवताना या चुका टाळा

उंदराच्या पिल्लाला जन्मानंतर साधारण बाराव्या दिवसापर्यंत ऐकू येत नाही. तरीही त्याच्या आंतरकर्णातून मेंदूकडे या काळात सतत संदेश जात असतात आणि त्यांचा उगम आवाजात नसून एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूत असतो. कॉक्लियामध्ये, म्हणजे आंतरकर्णातील शंखासारख्या वेटोळ्याच्या ऐकण्याच्या भागात, आंतरिक केशपेशींना (आवाज टिपणाऱ्या पेशींना) लागून कोलिकर अवयव नावाची आधारपेशींची पट्टी असते, जी पुढे विरून जाते. या पेशींनी सोडलेले एटीपी त्यांच्याच पृष्ठभागावरील पी२वाय१ ग्राहकांना (एटीपी ओळखणाऱ्या प्रथिनांना) जोडले जाते. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते, टीएमईएम१६ए हे क्लोराइड चॅनेल (पेशीच्या आवरणातील क्लोराइडची वाट) उघडते आणि क्लोराइडपाठोपाठ पोटॅशियम व पाणी बाहेर पडते. बाहेर साठलेल्या पोटॅशियममुळे शेजारची केशपेशी उद्दीपित होते आणि श्रवणचेतेकडे ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सोडते. या साखळीचा पहिला ठळक पुरावा अमेरिकेतील चेताशास्त्रज्ञ ड्वाइट बर्गल्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्यातील जे विद्यार्थी एमएस्सी किंवा पीएचडीसाठी हा विषय निवडतात, त्यांची गल्लत बहुधा एकाच ठिकाणी होते: कानाचा स्वतःचा संकेत कोणता आणि आपल्या हातून निर्माण झालेला कोणता, हे वेगळे करण्यात.

सर्वांत महागात पडणारी चूक विच्छेदनाच्या वेळी होते. पेशीच्या आत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असते, तर ग्राहकांना जागे करायला त्याच्या हजारपट कमी, मायक्रोमोलर प्रमाण पुरते. म्हणजे चिमटा घसरून मूठभर पेशी जरी फुटल्या, तरी कॅल्शियमची मोठी लाट उठते आणि ती अगदी नैसर्गिक लाटेसारखी दिसते. फरक ओळखायचा तर लाट कुठून निघते ते पाहावे. नैसर्गिक घटना पट्टीवर वेगवेगळ्या ठिकाणी, अनियमित अंतराने उमटतात. इजेतून आलेल्या लाटा पुन्हा पुन्हा कापलेल्या कडेपासूनच सुरू होतात. विच्छेदनानंतर ऊतीला विश्रांती द्यावी, ताजे द्रावण सतत वाहते ठेवावे आणि कडेजवळचा भाग मोजणीतून सरळ वगळावा. संशयास्पद ऊतीतून आकडे काढत बसण्यापेक्षा ती टाकून देणे केव्हाही बरे.

वयाची मोजणीही अशीच फसवते. जन्माचा दिवस शून्य धरायचा की एक, हे वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावे, कारण पहिल्या दोन आठवड्यांत एका दिवसाच्या फरकानेही चित्र बदलते. कॉक्लियाची वाढ तळाकडून टोकाकडे सरकत जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी त्याच वेटोळ्याची नोंद घेतली नाही तर तुलनाच फोल ठरते. नवजात उंदीर म्हणजे नवजात मूल, हे समीकरण तर मुळीच मांडू नये. माणसाचे बाळ गर्भातच, साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास आवाजाला प्रतिसाद देऊ लागते.

ऊती संवर्धनात ठेवताना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचे तयार मिश्रण सवयीने ओतले जाते. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ही एकाच गटातील प्रतिजैविके असून केशपेशींना घातक आहेत. येथे अँपिसिलिनसारखा पर्याय वापरावा.

तापमानाकडे होणारे दुर्लक्ष पुण्यात विशेष नडते. मे महिन्यातील दुपार आणि डिसेंबरमधील सकाळ यांत खोलीचे तापमान बरेच वेगळे असते आणि या घटनांची वारंवारता तापमानानुसार बदलते. ‘खोलीच्या तापमानाला’ एवढेच लिहून भागत नाही; सूक्ष्मदर्शकाखालच्या द्रावणाचे तापमान मोजून नोंदवावे. द्रावणाची परासरणता (पेशीत पाणी किती शिरेल वा बाहेर पडेल हे ठरवणारी विद्राव्यांची संहती) बिघडली तर आणखी गोंधळ होतो, कारण पाणी बाहेर पडल्याने आधारपेशींचे क्षणभर आक्रसणे हीच या घटनेची डोळ्यांना दिसणारी खूण आहे. लागोपाठच्या चित्रांची वजाबाकी केल्यावर ते आक्रसणे ठिपक्यांसारखे उमटून पुन्हा मावळते. परासरणतेच्या दोषात मात्र संपूर्ण पट्टी एका दिशेने हळूहळू बदलत जाते.

ग्राहक रोखून पाहण्यासाठीच्या औषधांच्या बाबतीत सुरामिनवर भिस्त ठेवणारे बरेच आहेत, परंतु ते अनेक ग्राहकांवर काम करते, म्हणून त्यावरून पी२वाय१ चे नाव घेता येत नाही. त्यासाठी एमआरएस२५०० अधिक नेमके आहे. तेही दिल्यावर एक विचित्र गोष्ट दिसू शकते: शेजारच्या केशपेशींचे एकत्रित उद्दीपन थांबते, पण काही वेळाने केशपेशी सुट्यासुट्या, अखंड उद्दीपित होऊ लागतात. औषध निकामी होते म्हणून हे घडते असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात पेशींचे आक्रसणे थांबल्याने बाहेरची जागा अरुंद होते आणि पोटॅशियम केशपेशींभोवती साचत राहते. म्हणून औषध दिल्यानंतरची पहिली काही मिनिटे आणि त्यानंतरचा काळ यांची सरासरी एकत्र काढू नये; दोन्ही वेगवेगळे मांडावेत आणि औषध धुऊन काढल्यावर मूळ लय परतते का, याचीही नोंद त्याच ऊतीवर करावी.