घरच्या केकची कृती नातवंडांसाठी लिहिताना
घरच्या केकची कृती आठवून लिहिण्यापेक्षा तो करतानाच नातवंडांकडून ती टिपून घ्यावी, आणि अंदाजाने घेतलेला प्रत्येक जिन्नस मिश्रणात जाण्यापूर्वी वजनकाट्यावर ठेवावा. एक कप मैदा सैलसर भरल्यास साधारण १२० ग्रॅम, तर दाबून भरल्यास १५० ग्रॅमपर्यंत भरतो. केक कोरडा होण्याचे मूळ अनेकदा इथेच, जास्त पडलेल्या मैद्यात असते. भांड्याचे माप आणि ओव्हनचे तापमानही लिहावे. मिनिटांवर मात्र फार विसंबू नये, कारण प्रत्येक ओव्हन वेगळा तापतो. त्यापेक्षा मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघणे, कडा भांड्यापासून सुटणे अशा खुणा नोंदवाव्यात. पुढच्या वेळी नातवंडांनी केवळ त्या कागदावरून केक करावा, आपण (कठीण असले तरी) गप्प बसावे आणि त्यांना जिथे विचारावे लागेल, तिथे राहून गेलेला तपशील लगेच समासात लिहावा.