लहान निवासी शाळा निवडायची तर रविवारी जा

मुलाला वसतिगृहात ठेवायचं की नाही, हा वाद तुमच्या घरात मिटला आहे असं धरून चालते. शाळा हवी आहे ती लहान, खासगी, माध्यमिक, म्हणजे दीडशे-दोनशे मुलांची, जिथे काही मुलं रोज घरी जातात आणि काही तिथेच राहतात. माझ्या दोन मुलांसाठी, मग भाचीसाठी आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांसाठी मी अशा शाळा पालथ्या घातल्या आहेत.

अंतर, फी आणि बोर्ड जमणाऱ्या चार शाळांची यादी करा. जास्त नको, कारण प्रत्येक शाळेत दोनदा जावं लागणार आहे.

निकालाच्या टक्केवारीवर भाळू नका. शेवटच्या वर्गात 18 मुलं असतील तर एक मूल म्हणजे साडेपाच टक्के. दोन मुलं घसरली की शाळा ‘बिघडली’ आणि दोन हुशार निघाली की ‘उत्कृष्ट’, याला काही अर्थ नाही. पाच वर्षांचे आकडे मागा, टक्के नकोत, मुलांची संख्या सांगा म्हणावं. त्याच कागदावर इयत्तावार पटही मागा. एकच तुकडी सातवीत 24, आठवीत 19 आणि नववीत 13 अशी उतरत गेली असेल, तर मुलं कुठे गेली ते विचारायलाच हवं.

‘आठ मुलांमागे एक शिक्षक’ हेही नीट वाचा. त्या हिशोबात आठवड्यातून दोन तास येणारे संगीताचे शिक्षक धरलेले असू शकतात. तुम्हाला हवा आहे तो आकडा वेगळा: माझ्या मुलाच्या गणिताच्या तासाला वर्गात किती जण बसतील? लहान शाळेत बऱ्याचदा एका विषयाला एकच शिक्षक असतो. तो वर्षाच्या मध्यात सोडून गेला तर काय करता, असं विचारू नका. उत्तर गोडच मिळेल. मागच्या वेळी असं झालं तेव्हा काय केलंत, असं विचारा.

आता जिथे मी स्वतः चुकले ती गोष्ट.

थोरल्याच्या वेळी मी बुधवारी सकाळी शाळा बघायला गेले. मैदानात गलका, वर्ग भरलेले, मुख्याध्यापिका प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत होत्या. तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वसतिगृहात 30 मुलं राहतात, असं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. मात्र त्यांतली बहुतेक सोमवार ते शनिवार दुपारपर्यंतच राहायची. शनिवारी दुपारी गाड्या यायच्या आणि मैदान ओस पडायचं. मागे उरायची सहा मुलं, त्यांत माझ्या मुलाच्या वयाचं एकही नाही. हे मला कळलं तिसऱ्या महिन्यात, त्याचे रविवारचे फोन लांबत गेले तेव्हा. त्याने तक्रार केली नाही. फक्त फोन ठेवत नव्हता. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

म्हणून माझं ठाम मत आहे: अशा शाळेत मूल रमेल की नाही ते शनिवार दुपार ते रविवार रात्र या वेळात ठरतं. वर्गात सगळी मुलं सारखीच असतात. शाळा सुटल्यावर राहणारी आणि जाणारी अशी फाळणी होते. राहणारी मूठभर असतील, तर सगळं वेळापत्रक जाणाऱ्यांच्या सोयीने आखलेलं असतं.

विचारायचे प्रश्न असे. गेल्या चार रविवारी रात्री वसतिगृहात नेमकी किती मुलं होती? त्यांत माझ्या मुलाच्या किंवा मुलीच्या वयाची किती? रजिस्टर बघूनच उत्तर द्या, असा आग्रह धरा. ‘साधारण वीसेक’ हे उत्तर नाही. माझ्या मते त्याच वयाची निदान चार-पाच हवीत. दोघंच असतील आणि त्यांचं पटलं नाही, तर पळायला जागा नाही. मग विचारा, रविवारी सकाळी दहा वाजता मुलं काय करतात? रात्री त्याच छताखाली कोण झोपतं? दोन वाजता ताप चढला तर मूल कोणाचं दार ठोठावेल, आणि ते दार मला दाखवा. वसतिगृहातल्याच माणसाविरुद्ध तक्रार असेल तर ते कोणाकडे जाईल? या प्रश्नावर जो अडखळतो, त्या शाळेवर मी फुली मारते.

‘न सांगता अचानक जा, मग खरं दिसतं,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. चुकीचा आहे. अनोळखी माणसाला न विचारता मुलांच्या खोल्यांपर्यंत जाऊ देणारी शाळा सुरक्षितच नाही. फाटकावर अडवलं तर बरं वाटून घ्या. रीतसर वेळ मागा, फक्त ती रविवारी संध्याकाळची मागा. ‘रविवारी बघण्यासारखं काही नसतं’ असं म्हणाले, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

त्यानंतर मुलाला दोन रात्री तिथे राहू द्या, शुक्रवार आणि शनिवार. मधल्या वारी राहून काही कळत नाही. परत आल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका, तुमचं तोंड बघून ‘हो’ म्हणेल. शेजारच्या पलंगावर कोण होतं, जेवताना कोणाजवळ बसलास, असं विचारा. दोन-तीन नावं पटकन आली तर अर्ज भरा.

सही करण्याआधी करारातलं एक कलम शोधा: शाळा सोडायची तर किती आधी लेखी कळवायचं. ती मुदत बऱ्याच ठिकाणी पूर्ण सत्राची असते आणि चुकली तर पुढच्या सत्राची फी भरावी लागते. अनामत कधी आणि काय कापून परत मिळते, तेही लेखी घ्या. मुदतीची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा.