आयकेके-एप्सिलॉनचा फॉस्फो-ब्लॉट: पट्टी दिसली म्हणून किनेज चालू, असं धरू नका

आयकेके-एप्सिलॉन हा किनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारा एन्झाइम. फॉस्फो-ब्लॉटमध्ये फॉस्फेट लागलेलं प्रथिन अँटिबॉडीने पट्टीच्या रूपात दिसतं. या किनेजचं मूळ काम विषाणूविरुद्धचं. विषाणूचा आरएनए पेशीत शिरला की टीबीके१ (त्याचा जवळचा भाऊबंद किनेज) आणि हा किनेज आयआरएफ३ या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि इंटरफेरॉनची (विषाणूविरोधी संदेशवाहक प्रथिनांची) जनुकं चालू होतात. २००७ मध्ये तोच स्तनाच्या कॅन्सरमधला ऑन्कोजीन (कॅन्सरला चालना देणारं जनुक) म्हणून पुढे आला. गुणसूत्र १ वरच्या १क्यू३२ भागाच्या जादा प्रती झाल्या की त्याचं प्रमाण वाढतं, सीवायएलडी हा ब्रेक त्याच्या सेरिन ४१८ वरच्या (४१८ क्रमांकाच्या सेरिन अमिनो आम्लावरच्या) फॉस्फेटमुळे ढिला पडतो आणि एनएफ-कप्पाबी हा पेशी जगवणारा संदेशमार्ग मोकाट सुटतो. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत या जनुकाच्या जादा प्रती आहेत, म्हणून सुरुवात तिथून करा.

सहा खणांच्या प्लेटमध्ये दर खणात ५ लाख पेशी लावा. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफेक्शन रीएजंटबरोबर (पेशीत आरएनए शिरवणाऱ्या द्रवाबरोबर) पॉली-आयसी, म्हणजे विषाणूच्या आरएनएची कृत्रिम नक्कल, द्या, मिलीलिटरला १ मायक्रोग्रॅम. २, ४ आणि ६ तासांनी पेशी उचला. एक खण नुसत्या रीएजंटचा ठेवा.

बहुतेक ब्लॉट लायसिसच्या, म्हणजे पेशी फोडण्याच्या, वेळीच बिघडतात. प्लेट थेट बर्फावर, थंडगार पीबीएसने दोनदा धुवा, मग १५० मायक्रोलिटर रिपा (पेशी फोडणारं बफर). त्यात प्रोटिएज इनहिबिटर तर हवाच, शिवाय १० मिलिमोलर सोडियम फ्लुओराइड आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट. नुसतं व्हॅनाडेट घालून भागत नाही. ते टायरोसीनवरचे फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारे एन्झाइम) अडवतं आणि आपली जागा, म्हणजे या किनेजवर जिथलं फॉस्फेट पाहायचं ती, सेरिन १७२ आहे. २० मिनिटं बर्फावर, मग ४ अंशांवर १४,००० जी, १५ मिनिटं. बीसीएने प्रथिनाचं प्रमाण मोजून लेनला ३० मायक्रोग्रॅम, १० टक्के जेल.

प्रथिनं पडद्यावर उतरवल्यावर ब्लॉकिंगला (रिकामी जागा झाकायला) ५ टक्के बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन असल्यामुळे पार्श्वभूमी काळवंडू शकते. धुण्यासाठी टीबीएसटी बफर. प्राथमिक अँटिबॉडी १:१०००, ४ अंशांवर रात्रभर. एकूण प्रथिनासाठी (फॉस्फेट असो वा नसो) तोच पडदा स्ट्रिप करण्यापेक्षा, म्हणजे अँटिबॉडी धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा, जोडीने दुसरा जेल चालवा. स्ट्रिपिंगमध्ये प्रथिनही थोडं निघून जातं आणि गुणोत्तराचा भरवसा राहत नाही.

आता पट्टी वाचणं. टीबीके१ सुमारे ८४ किलोडाल्टन, आयकेके-एप्सिलॉन ८०. सेरिन १७२ भोवतीचा क्रमही दोघांत जवळजवळ सारखा. त्यामुळे दिसलेली पट्टी कोणाची, हे एसआय-आरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) एकेकाला गप्प केल्याशिवाय ठरत नाही.

खरी फसगत इनहिबिटरमध्ये होते. बीएक्स७९५ हे दोन्ही किनेज अडवणारं औषध (१ मायक्रोमोलर, उत्तेजनाआधी, म्हणजे पॉली-आयसीआधी, १ तास) दिल्यावर सेरिन १७२ ची पट्टी कमी होईल असं वाटतं. ती उलट गडदही होऊ शकते. कारण त्या जागी फॉस्फेट आयकेके-अल्फा आणि बीटा हे भाऊबंद किनेजही लावतात, आणि टीबीके१ आणि आयकेके-एप्सिलॉन बंद पडले की त्यांच्यावरचा लगाम सुटतो. औषध बाद समजून बाटली फेकू नका. त्याच नमुन्यात आयआरएफ३ चं सेरिन ३९६ पाहा. ते उतरलं तर किनेज खरोखर अडला आहे.

उत्तेजन न दिलेल्या ट्यूमर पेशीत मात्र आयआरएफ३ शांत दिसू शकतं, तिथे सीवायएलडीचं सेरिन ४१८ पाहा. पी६५ (एनएफ-कप्पाबीचा एक घटक) च्या सेरिन ५३६ वर विसंबू नका, ते आयकेके-बीटाही करतं. आणि बीएक्स७९५ पीडीके१ या वेगळ्या किनेजलाही धरतं, म्हणून एमआरटी६७३०७ या दुसऱ्या इनहिबिटरची एक लेन शेजारी ठेवा.