अमेरिकेतल्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत तक्रार करायची असेल तर कुठून सुरू करायचं

ॲडमिशन घेताना रँकिंग बघतो, फी बघतो, स्कॉलरशिप बघतो, पण स्टुडंट हँडबुक कोणी उघडत नाही, आणि ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत नेमकं तिथेच सगळं लिहिलेलं असतं. दारू चालते का, चॅपलला (कॅम्पसवरच्या प्रार्थनासभेला) किती वेळा जावं लागतं, हॉस्टेलवर मुलाच्या रूममध्ये मुलगी कधीपर्यंत थांबू शकते, लग्नाआधीच्या संबंधांबद्दल काय म्हटलंय, सगळं. बऱ्याच ठिकाणी याला कम्युनिटी कॉव्हनन्ट किंवा लाइफस्टाइल ॲग्रीमेंट म्हणतात आणि ॲडमिशनच्या वेळी त्यावर सही घेतात. खासगी संस्था असल्यामुळे सरकारी युनिव्हर्सिटीसारखं 'माझं संविधानातलं स्वातंत्र्य' हे इथे थेट चालत नाही, तुम्ही काय कबूल केलंय आणि त्यांनी काय कबूल केलंय एवढ्यावरच बहुतेक वाद फिरतो. म्हणून ज्या वर्षी घटना घडली त्या वर्षीचं हँडबुक पीडीएफ करून ठेवा, वेबसाइटवरची आवृत्ती गुपचूप बदलते.

सगळ्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटी सारख्या नसतात हेही लक्षात घ्या. नोत्र दाम कॅथलिक आहे, तिथे हॉस्टेलमध्ये भेटीच्या वेळा आहेत ज्याला ते पॅरायटल्स म्हणतात. बेलर बॅप्टिस्ट आहे, तिथे अंडरग्रॅज्युएटला दोन सेमिस्टर चॅपल करावं लागतं. व्हीटन कॉलेजात तर विद्यार्थ्यांना नाचायची परवानगीच २००३ साली मिळाली. 'चॅपल सक्तीचं आहे, मी हिंदू आहे, हा भेदभाव आहे' अशी तक्रार घेऊन जाणारे भेटतात, पण तो नियम आधी सांगितलेला असेल आणि तुम्ही सही केली असेल तर त्यात फारसा दम उरत नाही. उलट तोच नियम एकाला लागू केला आणि दुसऱ्याला सोडून दिलं, किंवा हँडबुकात लिहिलेली प्रोसेस पाळलीच नाही, तर तक्रारीला वजन येतं. सरळ सांगायचं तर नियम चुकीचा आहे हे सिद्ध करण्यापेक्षा नियम पाळला गेला नाही हे सिद्ध करणं कितीतरी सोपं.

आता पहिली पायरी, तक्रार कुठल्या जातीची आहे ते ठरवा. मार्कांची असेल तर प्रोफेसर, मग डिपार्टमेंट चेअर, मग डीन, आणि तिथे 'मला जास्त मिळायला हवे होते' एवढ्यावर काही होत नाही, सिलॅबसमध्ये लिहिलेली पद्धत मोडली किंवा मनमानी झाली हे दाखवावं लागतं. फी, हॉस्टेल, मेस, स्टाफची वागणूक हे स्टुडंट लाइफच्या ऑफिसकडे. लैंगिक छळ किंवा लिंगावरून भेदभाव असेल तर टायटल नाइन (शिक्षणात लिंगावरून भेदभावाला बंदी करणारा कायदा) कोऑर्डिनेटर, अपंगत्वाची सोय नाकारली तर सेक्शन ५०४ (अपंगत्वावरून भेदभावाला बंदी करणारं कायद्यातलं कलम) बघणारी व्यक्ती. चुकीच्या दारात गेलात तर कोणी मुद्दाम अडवत नाही, पण मेल या टेबलावरून त्या टेबलावर जात राहतो आणि तुमची डेडलाइन निघून जाते.

दुसरी गोष्ट खास ख्रिश्चन कॅम्पसची. अनेक हँडबुकांत लिहिलेलं असतं की आधी त्या माणसाशी एकट्याने बोला, मग एक-दोघांना घेऊन जा, मग वर जा. हे बायबलमधल्या मत्तय १८ या अध्यायातून आलंय आणि रूममेटने भांडी धुतली नाहीत, ग्रुप प्रोजेक्टमध्ये कोणी काम केलं नाही अशा भांडणांना ते खरंच चांगलं लागू पडतं. पण छळ, मारहाण, धमकी असल्या प्रकरणात समोरच्याला जाऊन आधी भेटायची अजिबात गरज नाही, कोणी 'आधी समेट करून बघा ना, क्षमा करा' म्हणालं तरी नाही. टायटल नाइनमध्ये अनौपचारिक तडजोड दोघांच्या लेखी संमतीशिवाय होत नाही, आणि कर्मचाऱ्याने विद्यार्थ्याचा छळ केल्याचा आरोप असेल तर तो मार्गच बंद असतो.

इथेच एक गोंधळ होतो. हॉस्टेलचा रेसिडेंट डायरेक्टर तुमच्यासोबत प्रार्थना करतो, प्रोफेसर घरी जेवायला बोलावतो, सगळं घरच्यासारखं वाटतं, आणि आपण मन मोकळं करतो, पण यातले बरेच जण ऐकलेलं वर कळवायला बांधील असतात. गोपनीय राहायचं असेल तर कॅम्पस काउन्सेलर, किंवा धर्मगुरू म्हणून भेटणारे चॅप्लेन, आणि त्यांनाही सुरुवातीलाच विचारा, 'हे गोपनीय राहील का?' कारण चॅप्लेनच डीनच्या कमिटीवर असला तर मग काय.

तिसरं, ॲम्नेस्टी कलम म्हणजे माफीचं कलम शोधा. छळाची तक्रार करताना 'त्या रात्री मी प्यायले होते' हे सांगावं लागलं तर कोड मोडल्याबद्दल तुमच्यावरच कारवाई होणार का, हे त्यात असतं, आणि नुसती दारू माफ आहे की विरुद्धलिंगी रूममध्ये थांबणं, संबंध हेही, ते शब्दन् शब्द वाचा. ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने लिबर्टी युनिव्हर्सिटीला १ कोटी ४० लाख डॉलर दंड केला, क्लेरी ॲक्टखालचा (कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती द्यायला लावणारा कायदा) तोपर्यंतचा सगळ्यात मोठा, आणि पीडितांना आचारसंहितेखाली शिक्षा होण्याचा मुद्दा त्या चौकशीत होता. कलम सापडलं नाही तर टायटल नाइन ऑफिसला मेल करून लेखी उत्तर मागा.

मग तक्रार लिहा. तोंडी सांगून 'बघतो आम्ही' ऐकून परत येऊ नका. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय बोललं गेलं, कुठला नियम मोडला (हँडबुकातला पान नंबर टाका) आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. हे शेवटचं लोक विसरतात. रूम बदलून हवी, फी परत हवी, पेपर दुसऱ्याकडून तपासून हवा, जे असेल ते. कोणी चांगला, कोणी वाईट, कोणी कसला ख्रिश्चन असली वाक्यं काढून टाका, वाचणारा तिथेच अडकतो. मीटिंग झाली की त्याच दिवशी 'आज आपलं असं असं ठरलं' असा मेल टाका.

निकाल विरोधात गेला तर अपील. अपील म्हणजे पूर्ण केस परत ऐकणं नसतं, साधारण तीनच कारणं चालतात: प्रोसेस चुकली, नवा पुरावा आला, किंवा शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार जास्त. मुदत खूप ठिकाणी काही कामाच्या दिवसांचीच असते, त्यामुळे निकालाच्या मेलची तारीख आधी बघा. आपली फाइल बघायचा हक्क फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या कायद्याने (१९७४) आहे, मागितल्यापासून ४५ दिवसांत दाखवावी लागते. आणि हो, याच कायद्यात २१ वर्षांखालच्या विद्यार्थ्याचं दारू-ड्रग्जचं प्रकरण पालकांना कळवायची मुभा कॉलेजला आहे, तेव्हा घरी कळणारच नाही असं धरून चालू नका.

आतलं सगळं संपलं की बाहेरचे दरवाजे. ॲक्रेडिटेशन (कॉलेजची मान्यता) देणारी संस्था तुमचे मार्क बदलून देत नाही, पण कॉलेज स्वतःचे नियम पाळतं का ते बघते, आणि बहुतेक वेळा आधी आतली प्रोसेस संपवून या म्हणते. राज्याच्या उच्च शिक्षण खात्याकडेही जाता येतं, तो पत्ता कॉलेजने तुम्हाला द्यायलाच हवा. भेदभावासाठी शिक्षण खात्याचं ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स, तिथे घटनेपासून १८० दिवस, आणि आधी कॉलेजची प्रोसेस वापरली असेल तर ती संपल्यापासून ६० दिवस. नागरिक असायची अट नाही. फक्त टायटल सिक्समध्ये (भेदभावविरोधी दुसरा कायदा) वंश, रंग, देश येतात, नुसता धर्म येत नाही. शिवाय टायटल नाइनमध्ये धार्मिक संस्थांना त्यांच्या श्रद्धेशी जिथे टक्कर होते तिथे सूट आहे. २०२५ मध्ये या ऑफिसच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करायचं ठरलं, तेव्हा लवकर उत्तराची आशा ठेवू नका, पण मुदतीत अर्ज टाकून ठेवा. ग्रोव्ह सिटी, हिल्सडेलसारखी काही कॉलेजं सरकारी पैसाच घेत नाहीत, तिथे हे कायदे लागू होत नाहीत, मग उरतं ते हँडबुक, राज्याचे कायदे आणि वकील.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर सस्पेन्शनचा विषय निघाल्याबरोबर इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओला (व्हिसाच्या नोंदी बघणारा कॉलेजचा अधिकारी) भेटा, निकालानंतर नाही. अपील चालू असेपर्यंत शिक्षा थांबते का आणि तोवर क्लासला बसता येतं का, हे डीनकडून लेखी घ्या, कारण फुल कोर्स लोड (व्हिसासाठी लागणारा पूर्णवेळ अभ्यासक्रम) तुटला की सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदींची प्रणाली) नोंद बदलते आणि ती परत सरळ करणं अपील जिंकण्यापेक्षाही किचकट होऊ शकतं.